बँडच्या मागे चालणारी गाडी

"एवढी गाडी बनवली बुढ्यानं, अन् हायवेले एकदाबी नाही नेली."

"पेट्रोल लय पेत असन."

"नाही गा. भेत असन."

मामा, तुमच्या फाटकापाशी उभी राहून दोन माणसं हे बोलत होती. एक शेजारचा टाइल्सवाला. दुसऱ्याला मी ओळखत नाही. दोघांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, त्यामुळे ते हसताहेत की हळहळताहेत ते कळायला मार्ग नव्हता. मी भिंतीच्या या बाजूला पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगात माझी चप्पल शोधत होते. खरं तर ती सापडली होती. तरी मी शोधत राहिले, कारण त्या अनोळखी माणसानं जे सहज बोलून टाकलं, ते अख्ख्या घरात माझ्याशिवाय कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या सकाळी तुमच्या अस्थी घेऊन कौंडण्यपूरला नदीत विसर्जनासाठी जायचं होतं. आदल्या संध्याकाळी निखिलदादानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा त्याईच्याच गाडीत जातीन. मी चालवतो, आई बाजूले बसन." गाडीत जागा दोघांचीच. बाकीच्यांनी मागून मोठ्या गाड्यांतून यायचं. मामींनी पदर तोंडाला लावला. माझी आई रडली. मोठ्या मामांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला, "बापाचं नाव राखलं पोरानं." मी रडले नाही. मी मनातल्या मनात रस्ता बघत होते. अकोल्याच्या बाहेर पडलं की मूर्तिजापूर, मग बडनेरा, अमरावती, तिथून नदीपर्यंत. ट्रक, उड्डाणपूल, अॅक्सिलरेटरवर दादाचा जड पाय. आणि तुमची ती लाल गाडी, जी जन्मापासून वरातीच्या बँडच्या मागे माणसाच्या चालीनं चालली. ती या रस्त्यावर मधोमध मोडू शकते, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही गेल्यावर माझ्या एकटीला.

तुम्ही गेल्यापासून मला कुणाचंच खरं वाटत नाहीये. भेटायला येणारी माणसं आधी गाडी ठेवलेल्या शेडमध्ये डोकावतात, मग घरात येतात. चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. त्यात तुम्ही गाडीला टेकून उभे आहात, आणि फोटो असा कापलाय की गाडी पूर्ण आली आणि तुमचा एक खांदा गेला. एक गृहस्थ मामींसमोर बराच वेळ हात जोडून बसले आणि उठताना दारातच दादाला म्हणाले, "मंग गाडीचं काय करून राहिले?" कुणी डोळे पुसले की मी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघते, त्यात मोबाइल आहे का. हे बरं नाही, मला कळतं. पण माझा संशय त्यांच्यापाशी थांबत नाही. तो तुमच्यापर्यंत येतो, म्हणून तुमच्याशीच बोलतेय.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तुमच्याकडे होते. अमरावतीची, इंग्रजी शाळेतली, क्लाससाठी अकोल्यात आणून ठेवलेली. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बाकीचे दुसऱ्याच विषयावर गेलेले असत. घरी येणारं प्रत्येक माणूस विचारायचं, "हे पोट्टी बोलत काहून नाही?" तुम्ही कधी विचारलं नाहीत. उलट म्हणायचात, "मॅडम बोलत नाही, पाह्यते. पाहू द्या तिले." कूलरचं तोंड माझ्या टेबलाकडे वळवून ठेवायचात आणि स्वतः घामात झोपायचात. कुणी मला माझ्या गप्प बसण्यासकट ठेवून घेतलं, असं ते एकच घर. आईच्या घरीसुद्धा मला बोलतं करण्याचे प्रयत्न चालूच असतात.

तुमचा धंदा कूलरचा. फायबरच्या बॉड्या तुम्ही स्वतः साच्यात घालायचात आणि त्यांच्याखालचे लोखंडी अँगलचे स्टँड स्वतः वेल्डिंग करायचात. दिवसभर गिऱ्हाइकं, आणि अकोल्याच्या उन्हात रेझिन ब्रश फिरवायच्या आधीच डब्यात आळून दगड व्हायचं. म्हणून गाडीचं काम पहाटे. मी अभ्यासाला उठायचे तेव्हा शेडमधून तो गोडसर, डोक्यात चढणारा वास यायचा आणि मामींचा आवाज यायचा, "तोंडाले फडकं बांधा हो!" तुम्ही बांधायचात आणि त्या दिसेनाशा झाल्या की सोडायचात.

जिची ही नक्कल, ती मूळ इटालियन गाडी तुम्ही कधी पाहिली नव्हती. पाहिली होती ती जत्रेतून आणलेली तळहाताएवढी खेळण्यातली. पट्टीनं तिची मापं घेऊन तुम्ही ती अनेक पटींनी वाढवलीत. खेळणं बनवणाऱ्यानं नाकाकडे जी चूक केली होती, तीही वाढून मोठी झाली. ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण गावात कुणीच मूळ गाडी पाहिली नव्हती. पुढचा भाग साच्यातून सुटला ती पहाट मला आठवते. तुम्ही पाचर ठोकत होतात, ठक् असा आवाज झाला आणि तो मोकळा झाला. अजून रंग नव्हता, नुसतं मळकट पिवळं फायबर, काचेचे धागे दिसणारं. तुम्ही त्यावरून हात फिरवलात आणि मागे सरकून खाली बसलात. मी दारात पुस्तक धरून उभी होते. मला ती सुंदर वाटली होती, मामा. मी तसं बोलले नाही. मी बोलले ते हे: "पण ही डुप्लिकेट आहे ना?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि कधी संपलं नाही. मी म्हणायचे, तुम्हाला एवढं येतं तर स्वतःच्या डिझाइनची गाडी का नाही करत, दुसऱ्याचा चेहरा कशाला? तुम्ही म्हणायचात, "माह्या डिझाइनची आणली तं लोक पुसतीन, हे काय हाये. हे आणली तं कोणी पुसत नाही. नुसतं पाह्यते." मी म्हणायचे, म्हणजे फसवताच ना. तुम्ही एकदा चिडून शेडमधल्या कूलरवर थाप मारलीत. "हा घे माह्या डिझाइनचा. पाय हात लावून. याच्यासोबत कोणी फोटो काढलेला पाह्यला का तू?"   मला ते पटलं नाही.

मागच्या काचेखालचं इंजिन बघून तर मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नव्हते. इटालियन गाडीचं इंजिन मागे असतं आणि काचेतून दिसतं, म्हणून तुम्हीही मागे काच लावलीत. खरं इंजिन, जिच्या सांगाड्यावर ही बॉडी बसवली होती त्या जुन्या छोट्या गाडीचं, ते पुढेच होतं. काचेखाली कूलरचे पंप होते, चंदेरी रंग मारलेले, आणि पीव्हीसीचे पाइप वळवून बसवलेले. एक छोटा पंखासुद्धा फिरायचा. तुम्ही मला बटण दाबून दाखवलंत. तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी नजर वळवली.

मग लग्नं सुरू झाली. तुमची अट सगळ्यांना पाठ झाली होती. गाडी एकटी मिळत नाही, मिळते ती तुमच्यासकट. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, बँडच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये. स्टेअरिंगवर तुम्ही, शेजारी नवरदेव. बाहेरगावचं लग्न असलं तर गाडी टेम्पोवर चढवून न्यायची, देवळापाशी उतरवायची. कुणी विचारलं की तुमचं उत्तर तयार, "कागदं साध्या गाडीचे अन् तोंड इटालियन. हायवेवर पोलीस सोडन का मले?" लोक हसायचे. पटण्यासारखंच होतं. माझ्यासारख्या संशयी मुलीलाही पटलं होतं.

बार्शीटाकळीच्या त्या लग्नाला तुम्ही मला हट्टानं नेलंत. नवरदेवाच्या घरी झेंडूचा मळा, तर त्यांनी गाडीला इतकी फुलं बांधली की तुम्हाला समोरचं दिसेना. नवरदेवाचे आजोबा गाडीभोवती फिरले, बोटाच्या पेरानं ठोकून म्हणाले, "फायबर हाये का गा?" मग मागच्या काचेवर डोळे टेकवून बघत राहिले. "हे तं आमच्या कूलरमंदीबी हाये!" सगळी वरात हसली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात, "मंग तुमचा कूलर इटालियन हाये, बाबाजी! जपून ठेवा त्याले." आणि मग तो नवरदेव आला, हळदीनं पिवळा, माझ्याहून थोडाच मोठा असेल. बसण्याआधी त्यानं नवे कोरे बूट काढून हातात घेतले. "अबे घाल लेका, देऊळ नोहे हे," तुम्ही म्हणालात. त्यानं घातले, पण पाय गाडीत टेकवायला तो बिचकत होता. बँड वाजायला लागला. गाडी चालायला लागली. त्या मुलाच्या मानेत जो ताठपणा आला तो मी मागून बघत होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण भांडतोय ते कशाबद्दल भांडतोय?

त्याच लग्नाहून परत आल्यावर मी ती रेघ पाहिली. चालवणाऱ्याच्या दाराखाली, रंगात, केसाएवढी.

"मामा, इथे तडकलंय."

"उन्हानं."

"ऊन तर सगळ्या गाडीला लागतं."

"तिथं जास्त लागते."

तुम्ही रेघेत पुटी भरलीत, घासलीत, रंग मारलात. पुढच्या लग्नसराईनंतर रेघ परत तिथेच. मी कॉलेजला गेले, मग अमरावतीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले. दिवसभर मी रिपोर्ट तपासते, कुठला आकडा इतरांशी जुळत नाही ते बघते. अकोल्याला आले की आधी खाली वाकून ती रेघ बघायचे. तुम्ही मला वाकताना बघायचात. 

गेल्या दिवाळीत मी शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही गाडीच्या बरोबर मधोमध जॅक लावला होता. तुम्ही पीळ देत होतात, पण गाडी उचललीच जात नव्हती. चारही चाकं जमिनीवर आणि नुसतं पोट वर येत होतं. गाडी मधोमध खचल्यामुळे मिटलेली दाराच्या वरची फट माझ्या डोळ्यांदेखत उघडत गेली. तुम्हाला माझी चाहूल लागली होती. तुम्ही थांबला नाहीत. जॅककडे बघतच बोललात. छोट्या गाडीचा सांगाडा त्या लांब चेहऱ्याला आखूड पडत होता, म्हणून तो मधोमध कापून वाढवला होता. वाढवायला वापरला तुमच्या रोजच्या हातातला अँगल, तुमच्या रोजच्या पद्धतीनं जोडलेला.

"स्टँडचं डोकं लावलं मी," तुम्ही म्हणालात. "स्टँड जागचा हालत नाही, मॅडम. गाडी पिळते."

"मग दुरुस्त करा."

"बॉडी चिकटवलेली हाये. फोडा लागन."

"फोडा मग."

तुम्ही पान्यावरचं तेल पुसलंत. "फोडीन. हे लगीनसराई जाऊ दे." आणि थोड्या वेळानं, माझ्याशी की गाडीशी कुणास ठाऊक, "बँडमागं काही होत नाही तिले."

बँडमागंही माणूसच बसतो, मामा. हे वाक्य माझ्या मनात जुळलं होतं, नीट जुळलं होतं. मी चहा सांगायला आत गेले. लगीनसराई आली, गेली. तुम्ही बॉडी फोडली नाहीत.

त्यानंतर मी सगळ्या जुन्या गोष्टी पुन्हा तपासायला लागले. मामी दरवर्षी म्हणायच्या, "साऱ्या गावचे नवरदेव बसले, मीच तेवढी नाही बसली." त्यांना त्या गाडीतून अमरावतीला अंबादेवीला जायचं होतं. तुम्ही म्हणायचात, पुढच्या साली. त्यांना वाटायचं तुम्हाला त्यांची लाज वाटते, त्या गाडीत बायको शोभणार नाही असं वाटतं. त्यांनी हे माझ्या आईला रडून सांगितलंय, मी ऐकलंय. तुम्ही तो गैरसमज राहू दिलात. निखिलदादाला तर तुम्ही स्टेअरिंगला हात लावू देत नव्हतात. त्याला वाटायचं, बापाचा विश्वास नाही. म्हणजे घरच्यांना तुम्ही त्या गाडीपासून लांब ठेवलंत आणि परक्यांच्या मुलांना फुलं बांधून आत बसवलंत. मला यातलं पहिलं आठवलं की तुमच्या पाया पडावंसं वाटतं. दुसरं आठवलं की हात मागे येतो. दोन्ही एकाच माणसानं केलं आणि त्या माणसानं कूलर माझ्याकडे वळवून ठेवला होता.

आणि एक संशय आहे जो मी कुणालाच सांगू शकत नाही, तुम्हालाच सांगते. त्या दिवशी तुम्ही मला सगळं का दाखवलंत? दार लोटून घेता आलं असतं. कोणाले सांगू नको, असंही तुम्ही म्हणाला नाहीत. मला इतके दिवस वाटत होतं की हा विश्वास. आता वाटतं, तुम्हाला कुणाजवळ तरी मन मोकळं करायचं होतं आणि तुम्ही असं माणूस निवडलंत जे बोलत नाही. मॅडम बोलत नाही, पाह्यते. इतकी वर्षं ते वाक्य मला माझ्या बाजूचं वाटत होतं.

तर त्या सकाळी. मी आधी आईकडे गेले. नुसतं "आई, गाडीबद्दल" एवढंच म्हणाले, तर ती म्हणाली, "आज काही काढू नकोस गं, लोक आहेत." मग दादाकडे गेले. तो गाडी पुसत होता.

"दादा, आपण सगळेच मोठ्या गाडीतून जाऊ या ना."

"काहून?"

"हायवे आहे."

"आज कोणता पोलीस अडवन वं? अस्थी हाये हातात."

"पोलीस नाही..."

"तुले पयल्यापासूनच खटकते हे गाडी. डुप्लिकेट, डुप्लिकेट. आजच्या दिवशी तरी नको करू बाप्पा." त्याचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. तो खाली वाकला आणि त्या रेघेवरून फडकं फिरवलं, अगदी हळू, जखम पुसावी तसं. "उन्हानं तडकते तिथं," तो मला समजावत म्हणाला. "बाबा सांगत."

तेवढ्यात मोठे मामा हार घेऊन आले आणि माझं वाक्य गेलं. पण फक्त हारामुळे गेलं असं नाही. मला कळलं होतं की हे बोलायचं तर मला तुम्हाला खोटं ठरवावं लागणार आहे, तुमच्या मुलासमोर, तुमच्या अस्थी घरात असताना. चौकात फ्लेक्स आहे. फाटकाशी ते दोघं उभे आहेत. मी क्षणभर असाही हिशेब केला की रस्ता आता चांगला झालाय, दादाला सांगू हळू चालव, कदाचित काही होणारही नाही. हा हिशेब मी तुमच्याकडूनच शिकले असणार.

मामी बाहेर आल्या. धुवट पांढरट साडी, हातात लाल फडक्यात बांधलेला कलश. गाडी फार खाली, त्यांना गुडघे वाकवून आत शिरताना दोघींनी धरलं. त्या बसल्या, कलश मांडीवर घेतला, आणि समोरच्या फायबरवरून, तुम्ही त्या पहाटे फिरवला होतात तसाच, हात फिरवला. "बसवलं बाप्पा शेवटी," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. बायका मोठ्यानं रडायला लागल्या. टाइल्सवाल्यानं फोन काढला. दादानं किल्ली फिरवली, गुरगुरावं म्हणून तुम्ही कापलेल्या सायलेन्सरचा आवाज शेडमध्ये घुमला आणि माणसं दोन्ही बाजूंना सरकून वाट मोकळी झाली.

मी सरकले नाही. मी गाडीच्या पुढे उभी होते, दोन्ही हात त्या चुकलेल्या नाकावर ठेवून. दादानं काचेतून हात हलवला, "ऋचा, बाजूले हो." आई मागून माझं नाव घेत होती. मला वाटलं होतं आवाज निघणार नाही, पण इंजिनच्या आवाजातही ऐकू जाईल इतका मोठा निघाला.

"मामी, उतरा. ही गाडी मधून कापून जोडलेली आहे आणि तो जोड तुटत आलाय. ते ऊन नाही, दादा. मामांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तुम्हा दोघांना हिच्यात कधी बसू दिलं नाही."